बुशाला खेळ पडतो तेव्हा

जून लागला की कोकणातल्या बंदरांचे रूप पालटते. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. माशांच्या विणीचा तो काळ, आणि समुद्रही खवळलेला. सातपाटी, वर्सोवा, करंजा, हर्णै, मिरकरवाडा, देवगड, मालवण, कुठेही जा; एरवी पाण्यात डुलणाऱ्या बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या दिसतात. दोन्ही अंगांना लाकडी टेकू, वर माडाच्या झापांचे किंवा निळ्या प्लास्टिकचे छप्पर. पावसाळी सहलीला आलेल्या माणसाला वाटते, बोटी विश्रांती घेत आहेत. जवळ गेले की ठोकाठोक ऐकू येते, रंध्याचा भुसा आणि रंगाचा वास येतो, आणि लक्षात येते की हे विश्रांतिगृह नव्हे, रुग्णालय आहे. वर्षभराचे दुखणे बरे करून घ्यायला बोटीला एवढेच दोन महिने मिळतात.

या रुग्णालयात एक तपासणी अगदी साधी असते. मिस्त्री वाकून बोटीच्या पिछाडीला जातो, पंखा दोन्ही हातांनी धरतो आणि वर उचलल्यासारखा करतो. मग खाली, मग डावी-उजवीकडे. पंखा जागचा हलला नाही तर तो पुढच्या कामाला लागतो. पण आतून ‘खट’ असा आवाज आला, की तो काही न बोलता मालकाकडे बघतो. मालकालाही काय ते समजते. बुशाला खेळ पडला आहे.

‘खेळ’ हा शब्द यंत्रांच्या दुनियेत उलट्या अर्थाचा. जिथे घट्ट बसायला हवे तिथे फट पडली, भाग सैल झाला, की त्याला खेळ म्हणायचे. बोटीच्या बाबतीत या खेळावर बोटीवरच्या सात-आठ माणसांचा जीव टांगलेला असतो. म्हणून ही दुरुस्ती कशी होते हे समजून घेण्यासारखे आहे. ती नीट समजली तर केवळ बोटीचेच नव्हे, कोणत्याही जुन्या वस्तूचे दुखणे कसे शोधावे याचीही थोडी कल्पना येते.

जात्याचा खुंटा

बोटीच्या पोटात डिझेल इंजिन असते, त्याच्यामागे गिअर-बॉक्स. तिथून निघालेला लांब दांडा, म्हणजे शाफ्ट, बोटीच्या मागच्या जाड लाकडातून बाहेर पाण्यात जातो. त्याच्या टोकावर पंखा. शाफ्ट ज्या नळीतून बाहेर पडतो तिला स्टर्न ट्यूब म्हणतात. या नळीच्या बोटीतल्या तोंडाशी पाणी अडवणारी ग्लँड असते आणि बाहेरच्या, पंख्याजवळच्या तोंडाशी शाफ्टला आधार देणारे बेअरिंग. बेअरिंग म्हटले की आपल्याला सायकलच्या चाकातल्या गोळ्या आठवतात. इथे गोळ्या नसतात. ही नुसती एक आखूड, गुळगुळीत नळी असते आणि तिच्यात शाफ्ट फिरतो. बंदराच्या बोलीत तोच ‘बुश’.

ज्यांच्या घरी जाते होते त्यांना हे लगेच कळेल. खालच्या दगडाच्या मध्यावर खुंटा असतो आणि त्याच्याभोवती वरचा दगड फिरतो. खुंटा घट्ट असेपर्यंत दळण एकसारखे पडते. तो सैल झाला की दगड डगमगू लागतो, पीठ जाडेभरडे पडते आणि दळणारीच्या खांद्याला दुप्पट श्रम होतात. बोटीच्या बुशाचे काम या खुंट्यासारखेच. फरक एवढाच की जाते माणसाच्या हाताने फिरते आणि शाफ्टमागे शंभर-सव्वाशे घोड्यांचे बळ असते.

थोडा हिशेब मांडून पाहू. शाफ्ट ५० मिलिमीटर जाडीचा आहे आणि मिनिटाला ६०० फेरे घेतो आहे असे धरा. म्हणजे तासाला ३६ हजार फेरे. प्रत्येक फेऱ्यात शाफ्टचा पृष्ठभाग बुशावरून सुमारे १५७ मिलिमीटर घासत जातो. तासाचा हिशेब होतो साडेपाच किलोमीटरच्या थोडा वर, म्हणजे माणसाच्या भरभर चालण्याचा वेग. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर शाफ्ट असा जागच्या जागी पंचेचाळीस तासांच्या आत घासून काढतो. एका मोठ्या फेरीला गेलेली बोट सलग काही दिवस समुद्रात राहते. अशा किती वाऱ्या एका हंगामात होत असतील! आणि हे सगळे खाऱ्या पाण्यात, खाडीच्या मुखाशी तर वाळू-गाळ मिसळलेल्या पाण्यात.

झिजण्यासाठीच नेमलेला

मग बुश झिजला यात नवल ते काय? खरोखरच नवल नाही. तो झिजण्यासाठीच नेमलेला असतो. शाफ्ट महाग, तो काढणे-बसवणे जिकिरीचे. म्हणून दोघांपैकी एकाने झिजायचे असेल तर ते स्वस्त आणि बदलता येण्याजोग्या भागाने झिजावे, अशी ही योजना आहे. चपलेचा तळ झिजतो म्हणून पाय शाबूत राहतो, तसेच.

ही गोष्ट माणसाला एकदम सुचलेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला वल्ह्यांच्या चाकांऐवजी पाण्याखालचा पंखा लावलेली वाफेची जहाजे आली, तेव्हा हाच बुश सर्वांत मोठी डोकेदुखी ठरला. पितळेच्या बुशात लोखंडी शाफ्ट फिरे, आणि बुश पाहता पाहता झिजून जाई. इंग्लंडमधील ग्रिनिचचे इंजिन बनवणारे जॉन पेन आणि जहाजाच्या पंख्याच्या प्रसारासाठी झटलेले फ्रान्सिस पेटिट स्मिथ यांनी यावर उपाय शोधला आणि १८५४ साली त्याचे पेटंट घेतले. उपाय होता लाकडाचा! वेस्ट इंडिज आणि मध्य अमेरिकेच्या भागात वाढणाऱ्या लिग्नम व्हिटी नावाच्या झाडाचे लाकूड इतके जड असते की पाण्यात टाकले तर बुडते. त्यात नैसर्गिक राळ भरपूर असते. या लाकडाच्या पट्ट्या बुशात बसवल्या, मधून पाणी खेळते ठेवले, की राळ आणि पाणी मिळूनच वंगणाचे काम करतात. पुढे जवळजवळ शंभर वर्षे जगभरच्या जहाजांचे शाफ्ट या लाकडावर फिरले. आज हे झाड इतके दुर्मीळ झाले आहे की त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत.

लाकडानंतर रबर आले. १९२०च्या दशकात कॅलिफोर्नियातले एक खाण-अभियंता चार्ल्स शेरवूड यांनी पंपाच्या झिजलेल्या बेअरिंगच्या जागी रबराची नळी वापरून पाहिली आणि ती धातूपेक्षा जास्त टिकली, अशी हकिकत सांगतात. रबर मऊ असते हेच इथे उपयोगी पडले. वाळूचा कण धातूच्या बुशात शिरला तर तो रुतून बसतो आणि शाफ्टला कानशीसारखा घासत राहतो. रबरात तो क्षणभर दबतो, पुढे ढकलला जातो आणि रबराला पाडलेल्या लांबट खाचेतून पाण्याबरोबर वाहून जातो. त्यातूनच आजचा ‘कटलेस’ बुश आला: बाहेर पितळेची किंवा ब्राँझची नळी, आत खाचा पाडलेले कृत्रिम रबर. त्याला तेल नको, ग्रीस नको, लागते ते फक्त पाणी. म्हणूनच असा बुश असलेली बोट किनाऱ्यावर कोरडी उभी असताना इंजिन गिअरमध्ये टाकून शाफ्ट फिरवून पाहणे म्हणजे नव्या रबराची राखरांगोळी करून घेणे होय.

आपल्याकडच्या जुन्या लाकडी बोटींत धातूचे, गनमेटलचे बुशही आहेत आणि रबराचेही. दोघांचा धर्म एकच, स्वतः झिजून शाफ्टला वाचवणे.

थेंबांचा हिशेब

खेळ पडला आहे हे समुद्रात कसे कळते? आधी पायांना कळते. ठरावीक वेगाला बोटीच्या मागच्या फळ्या थरथरू लागतात. वेग कमी केला की थरथर थांबते, वाढवला की पुन्हा सुरू. मग कानांना कळते. पिछाडीखालून खडखडाट येतो, वळताना तो जास्त होतो. जुना तांडेल हे आवाज बरोबर ओळखतो. पण समुद्रात असताना त्याच्या हातात फारसे काही नसते. आणि मासळी लागलेली असताना बोट परत फिरवायला कोणाचे मन होते?

तिसरी खूण ग्लँडपाशी दिसते. ग्लँडमध्ये वंगण मुरवलेल्या चौकोनी दोरीचे तीन-चार वेढे शाफ्टभोवती दाबून बसवलेले असतात. त्यांना पॅकिंग म्हणतात. ही दोरी पाणी अडवते, पण पूर्ण अडवत नाही. शाफ्ट फिरत असताना मिनिटाला दोन-चार थेंब आत पडलेच पाहिजेत, कारण त्या थेंबांनीच दोरी थंड राहते. अगदी कोरडी ग्लँड ही तापलेली ग्लँड असते. आता बुश सैल झाला की शाफ्ट नुसता फिरत नाही, तो हेलकावतो. प्रत्येक फेऱ्याला तो ग्लँडमधली दोरी एका बाजूला दाबतो. थेंबांची धार होते. खलाशी पाना घेऊन ग्लँडचे नट आवळतो, धार थांबते. दुसऱ्या दिवशी पुन्हा धार, पुन्हा आवळणे. अशा आवळण्याने दोरी जळते, शाफ्टवर चर पडतात, आणि मग कितीही आवळले तरी पाणी थांबत नाही.

थेंबे थेंबे तळे साचे हे आपण बचतीसाठी म्हणतो. बोटीत ते शब्दशः खरे होते. पाण्याखाली एक मीटर खोलीवर केवळ पाच चौरस सेंटिमीटरची, म्हणजे अंगठ्याच्या नखापेक्षा थोडी मोठी फट पडली, तर मिनिटाला सुमारे ८० लिटर पाणी आत येते. तासाभरात जवळजवळ पाच टन. पंप चालू असेल तर ते बाहेर फेकता येते. पण पंप इंजिनावर किंवा बॅटरीवर चालतो, आणि दोन्ही तळाशीच असतात. पाणी तिथवर चढले की पंप थांबतो, आणि मग सगळेच थांबते.

मोठ्या जहाजाचेही यापुढे काही चालत नाही, हे इतिहासाने एकदा दाखवून दिले आहे. १० डिसेंबर १९४१ रोजी मलायाच्या किनाऱ्याजवळ ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ या ब्रिटिश युद्धनौकेवर जपानी विमानांनी हल्ला केला. एक टॉर्पेडो डाव्या बाजूच्या बाहेरच्या शाफ्टपाशी लागला. शाफ्टचा आधार गेला, आणि वाकलेला शाफ्ट इंजिनाच्या जोराने फिरत असताना त्याने आपल्याच वाटेतल्या ग्लँड आणि भिंती फोडून टाकल्या. त्या वाटेने हजारो टन पाणी जहाजात शिरले. त्यानंतर आणखी टॉर्पेडो लागले. पण पहिल्या आघातानंतर दोन तासांच्या आत ते बलाढ्य जहाज बुडाले त्याला शाफ्टची ही मोकळी झालेली वाट मोठे कारण होती. जहाजावरची ३२७ माणसे गेली. लढाईतल्या टॉर्पेडोची आणि मासेमारी बोटीतल्या झिजेची बरोबरी नाही. पण आधार सुटलेला शाफ्ट फिरत राहिला तर काय करतो, हे दोन्हीकडे सारखेच आहे.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

आता मुख्य प्रश्न. बुश सैल झाला, तर नवा घालायचा. त्यात एवढे काय? चांगला मिस्त्री आणि नुसता नट-बोल्ट खोलणारा यांतला फरक इथे दिसतो. चांगला मिस्त्री नवा बुश आणायला माणूस पाठवण्याआधी विचारतो, “नाखवा, गेल्या वर्षी पंखा कुठे आपटला होता का?”

कारण बुश झिजतो दोन प्रकारे. एक वयाने, दुसरा अन्यायाने. वयाने झिजलेला बुश आतून बहुतेक सगळीकडे सारखा झिजलेला असतो, खालच्या अंगाला थोडा अधिक, कारण शाफ्टचे आणि पंख्याचे वजन तिथे पडते. अन्यायाने झिजलेला बुश वेगळे सांगतो. मागच्या तोंडाशी उजवीकडे आणि पुढच्या तोंडाशी डावीकडे झिजला असेल, तर शाफ्ट त्यातून तिरका जात होता, म्हणजे इंजिन आणि बुश एका रेषेत नव्हते. बुशाची झीज चारी बाजूंनी पण शाफ्ट मात्र एकाच अंगाला घासलेला असेल, तर शाफ्ट वाकलेला आहे किंवा पंख्याचे एक पाते मार खाऊन तोल गेला आहे. रबर चकाकते आणि कडक झालेले असेल, तर बुशाला पाणी मिळत नव्हते. पाणी येण्याच्या खाचा गाळाने किंवा कवचाच्या चिकट प्राण्यांनी बुजल्या होत्या. रबर वितळून त्यात नायलॉनचे धागे अडकलेले असतील, तर पंख्यात जाळे किंवा दोरखंड गुंडाळला गेला होता. समुद्रात सोडून दिलेली जाळी आणि प्लास्टिकच्या दोऱ्या वाढल्या आहेत, तसे हे दुखणेही मच्छिमारांच्या परिचयाचे झाले आहे.

काढलेला जुना बुश म्हणजे असा बोलका साक्षीदार. तो भंगारात फेकण्याआधी उजेडात धरून पाहिला पाहिजे. कारण न शोधता नवा बुश घातला तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते. वाकलेला शाफ्ट नव्या बुशाला दिवाळीपर्यंत जुना करून सोडतो.

जुन्या लाकडी बोटीत आणखी एक गुंता असतो. लाकूड जिवंत असल्यासारखे वागते. पाण्यात फुगते, उन्हात आकसते. वर्षानुवर्षे इंजिनाचे वजन आणि हादरे सोसून त्याखालचे वासे थोडे खचतात, बोल्टांची भोके रुंदावतात. बोटीचा पाठीचा कणाच किंचित वाकतो. पंचवीस वर्षांपूर्वी इंजिन आणि शाफ्ट एका सरळ रेषेत बसवले होते हे खरे. पण ती रेषा ज्या लाकडावर आखली होती, ते लाकूड आता तिथे राहिलेले नसते. अशा वेळी दोष बुशाचा नसतो. घरातल्या सगळ्यांचे ताण ज्याच्या वाट्याला येतात असा एक माणूस असतो ना, तसा तो फक्त आधी कुरकुरलेला असतो.

बर्फ, साबण आणि करवतीचे पाते

प्रत्यक्ष दुरुस्ती पाहू. आधी पंखा उतरवायचा. तो शाफ्टच्या निमुळत्या टोकावर घट्ट बसलेला असतो. त्याला ओढून काढण्याचे पुलर नावाचे हत्यार असते. ते नसले की हातोडा बाहेर निघतो, आणि त्या ठोक्यांनी गिअर-बॉक्सपर्यंतचे भाग दुखावतात. मग आत कपलिंग सोडवायचे, म्हणजे गिअर-बॉक्स आणि शाफ्ट यांना जोडणाऱ्या दोन चकत्यांचे बोल्ट काढायचे. शाफ्ट मागे ओढायचा तर सुकाणू आड येते. तेही उतरवावे लागते. एक बुश बदलायचा तर दोन दिवस नुसते खोलण्यात जातात ते असे. खर्चाचेही तसेच. बुशाच्या किमतीपेक्षा त्याच्यापर्यंत पोचण्याचीच मजुरी जास्त होते.

शाफ्ट बाहेर आला की तो दोन आधारांवर ठेवून हळूहळू फिरवतात आणि डायल गेजने मोजतात. वाकला असेल तर काटा लगेच सांगतो. बुश आणि ग्लँड जिथे बसतात तिथे नखाने चाचपून पाहायचे. नख अडकण्याइतके चर असतील तर शाफ्ट लेथवर न्यावा लागतो किंवा बदलावा लागतो. खडबडीत शाफ्टवर नवा बुश म्हणजे खडबडीत पाट्यावर नवे रेशीम घासणे.

जुना बुश सहजी निघत नाही. खाऱ्या पाण्याने तो आपल्या घरात चिकटून बसलेला असतो. आधी त्याला धरून ठेवणारे बारीक स्क्रू शोधायचे. रंगाच्या थरांखाली ते दिसतही नाहीत. तरी निघाला नाही तर करवतीचे पाते आत घालून बुशाच्या नळीला लांबीच्या दिशेने चिरायचे. पितळ चिरले जावे, पण बाहेरच्या घराला ओरखडा जाऊ नये. इथे घाई करणाऱ्याचे काम नाही. हाताला पितळेची घसट कधी संपली ते कळावे लागते. चीर पडली की नळी आतल्या बाजूला दुमडते आणि मोकळी होते.

निघालेल्या पितळेचा रंगही पाहायचा. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. खाऱ्या पाण्यात जस्त हळूहळू निघून जाते आणि उरते ते गुलाबीसर, ठिसूळ तांबे. असा गुलाबी रंग दिसला तर बोटीच्या पाण्याखालच्या इतर पितळी भागांवरही नजर टाकायला हवी, आणि जस्ताचे तुकडे बसवले होते का हे विचारायला हवे. हे तुकडे बोटीला मुद्दाम लावतात. धातू खाणारी ही क्रिया आधी त्यांना खाते आणि महागाचे भाग वाचतात. बुशासारखेच दुसऱ्यासाठी झिजणारे आणखी एक नेमलेले अंग.

नवा बुश बसवताना बंदरातली एक फुकटची सोय उपयोगी पडते. बर्फ! बर्फात मीठ घालून बुश त्यात तासभर ठेवला तर तो किंचित आकसतो. ६५ मिलिमीटर व्यासाचे पितळ तीस अंशांवरून उणे पंधरा अंशांवर नेले तर सुमारे ०.०५ मिलिमीटर लहान होते. ऐकायला काहीच नाही. पण ठोकून बसवणे आणि सरकवून बसवणे यांत नेमका एवढाच फरक असतो. लांब स्क्रूच्या दांड्याने आणि दोन जाड वॉशरांनी बुश हळूहळू आत ओढून घ्यायचा. शाफ्ट घालताना रबरावर साबणाचे पाणी लावायचे, ग्रीस नव्हे. आणि शाफ्ट बुशात बसला की तो अगदी घट्टही नसावा. अशा जाडीच्या शाफ्टला मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांची फट ठेवावीच लागते, नाहीतर पाणी जाणार कुठून? खेळ नको म्हणजे जागाच नको असे नाही.

ग्लँडमधली दोरी बदलताना जुनी सगळी काढायची, तिच्यावर नवी भरायची नाही. एकेक वेढा मापाने कापायचा आणि प्रत्येकाचा सांधा वेगळ्या बाजूला ठेवायचा, भिंतीतल्या विटांचे सांधे एकावर एक येऊ देत नाहीत तसे. नाहीतर पाण्याला सरळ वाटच मिळते.

आणि मग येते ते काम, जे सर्वांत जास्त टाळले जाते. इंजिन शाफ्टच्या रेषेत आणणे. कपलिंगच्या दोन चकत्या जवळ आणून त्यांच्यामध्ये वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फिलर गेजची पातळ पाने घालून फट मोजतात. सहा इंच व्यासाच्या चकत्यांमध्ये या चार ठिकाणांच्या फटींत इंचाच्या हजाराव्या भागाचे सहा भाग, म्हणजे कागदाच्या एक-दोन पानांएवढा फरक चालतो. त्याहून जास्त असला तर इंजिनाखालच्या पायांत पत्र्याचे तुकडे घालून किंवा काढून ते सरळ करायचे. गंमत अशी की हे काम किनाऱ्यावर पुरे होतच नाही. टेकूंवर उभ्या असलेल्या लाकडी बोटीचा आकार वेगळा आणि पाण्यावर तरंगणाऱ्या बोटीचा वेगळा. म्हणून बोट पाण्यात उतरवून, एक-दोन दिवस लाकूड फुगू देऊन, मग पुन्हा फट मोजायची. नेमके तेव्हाच सगळ्यांना समुद्रावर जायची घाई झालेली असते.

‘हा हंगाम निघून जाईल’

बंदरावर एक वाक्य वारंवार ऐकू येते: “हा हंगाम निघून जाईल.” बुशाला खेळ आहे हे कळलेले असते. पण डिझेल, बर्फ, नवी जाळी, खलाशांना द्यायची उचल, बँकेचा आणि व्यापाऱ्याचा हप्ता, या सगळ्यांचे तोंड ऑगस्टच्या पहिल्या दिवसाकडे लागलेले असते. मग उपाय निघतात. झिजलेल्या बुशात पातळ पत्रा गुंडाळून घालायचा. शाफ्टवर पंचने टोचे मारून तो फुगवायचा. ग्लँडमध्ये एक वेढा जास्त कोंबायचा. ‘खट’ आवाज बंद होतो, बोट उतरते. पत्रा काही दिवसांत निसटतो, आणि तेव्हा बोट किनाऱ्यापासून कित्येक मैल दूर असते.

मालकाला दोष देणे सोपे आहे. पण त्याचा हिशेब अगदीच चुकीचा नसतो. तो फक्त अर्धा असतो. दुरुस्तीला गेलेले आठ दिवस त्याला दिसतात, कारण ते कॅलेंडरवर असतात. थरथरणाऱ्या शाफ्टने वर्षभर जास्त जाळलेले डिझेल, गिअर-बॉक्सची होणारी हानी, भर हंगामात बोट ओढून न्यावी लागली तर बुडणारे दिवस हे वहीत कुठेच लिहिलेले नसतात. आणि ज्याचा हिशेब मांडता येत नाही असेही काही असते. रात्री मागच्या फळ्यांवर झोपलेले खलाशी. यांतले अनेक नेपाळहून किंवा परप्रांतांतून आलेले असतात. काहींना पोहताही येत नाही. बुशाला किती खेळ आहे हे त्यांना कोणी विचारत नाही, सांगतही नाही.

म्हणून या लहानशा कामाला काही सवयी जोडून घ्याव्या लागतात. बोट वर ओढली त्याच दिवशी पंखा हलवून पाहायचा, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात नव्हे. म्हणजे बुश मागवायला आणि लेथवाल्याकडे रांग लावायला वेळ मिळतो. सापडलेली झीज भिंतीवर खडूने नव्हे, वहीत मिलिमीटरमध्ये लिहायची. म्हणजे पुढल्या जूनमध्ये ती किती वाढली ते कळते, आणि दोन वर्षांच्या आकड्यांवरून तिसऱ्या वर्षाचा अंदाज बांधता येतो. जुना बुश मिस्त्रीकडून मागून घ्यायचा आणि कुठून झिजला ते त्याच्याकडूनच समजून घ्यायचे. आणि एखाद्या तरुण खलाशाला या कामात हाताशी धरायचे. करवतीचे पाते पितळेतून कधी बाहेर पडले हे सांगणारा हात पुस्तकातून तयार होत नाही. तो दुसऱ्या हाताशेजारी बसूनच तयार होतो. फायबरच्या नव्या बोटी आल्या, इंजिने बदलली, तरी शाफ्ट बोटीबाहेर जाणार आणि त्याला बुश लागणार, हे बदललेले नाही.

श्रावणात नारळी पौर्णिमा येते. समुद्राला नारळ अर्पण होतो, कोळीवाड्यांत गाणी-वाद्ये निघतात. तोवर बहुतेक बोटी पाण्यात उतरून एखादी फेरी मारूनही आलेल्या असतात. ज्या बोटीचे काम नीट झाले आहे तिच्यावरचा तांडेल पहिल्या फेरीत इंजिनाचा वेग हळूहळू वाढवतो, आणि एक माणूस खाली पाठवतो. तो टॉर्च घेऊन ग्लँडपाशी उकिडवा बसतो, हात लावून ती तापली का ते बघतो आणि घड्याळाकडे पाहत थेंब मोजतो. एक, दोन, तीन. मिनिट संपते. तो वर ओरडतो, “तीन!” वरून वेग आणखी थोडा वाढतो, आणि तो पुन्हा पहिल्यापासून मोजू लागतो.